परदेशात कायदा शिकायचाय? आधी सनद कुठली हवी ते ठरवा

मराठी घरांत ‘बॅरिस्टर’ या किताबाचा दबदबा अजून पुरता ओसरलेला नाही. बॅ. नाथ पै, बॅ. अंतुले ही नावं ऐकत वाढलेली पिढी आता आजी-आजोबा झाली आहे. नातवंडानं वकील व्हायचं म्हटलं की ती सहज म्हणून जाते, ‘मग लंडनलाच जाऊ दे की.’ त्यांच्या काळात या बोलण्याला अर्थ होता. इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आलेला माणूस तेवढ्या जोरावर मुंबईच्या हायकोर्टात उभा राहू शकत असे. ही वाट आता बंद आहे. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ च्या कलम २४ मध्ये तारीखच घातलेली आहे: ३१ डिसेंबर १९७६. त्या दिवसापर्यंत जो बॅरिस्टर झाला, त्यालाच बॅरिस्टर म्हणून इथे नोंदणी. त्यानंतर झालेल्यानं इतरांसारखं रांगेत उभं राहायचं.

परदेशी शिक्षणाचा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. पदवी विद्यापीठ देतं. सनद, म्हणजे कोर्टात उभं राहण्याचा किंवा वकील म्हणून सल्ला देण्याचा परवाना, त्या-त्या देशाची वकिलांची संस्था देते. दोघांचा एकमेकांशी संबंध असतो, पण एक मिळालं म्हणजे दुसरं मिळालंच असं नाही. डॉक्टरला साताऱ्यात आणि शेफील्डमध्ये माणसाचं शरीर सारखंच भेटतं. वकिलाला मात्र सीमा ओलांडली की कायदाच दुसरा भेटतो. म्हणून ‘कुठलं विद्यापीठ चांगलं?’ हा प्रश्न नंतरचा. ‘मला कुठल्या देशात वकिली करायची आहे?’ हे आधी ठरायला हवं.

नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी हा फरक तीस वर्षं भोगला. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १८९२ मध्ये त्यांनी तिथली बीसीएल ही कायद्याच्या पदवीची परीक्षा दिली, पण स्त्रियांना पदव्या द्यायच्या नाहीत असा तेव्हा नियम होता, त्यामुळे पदवी हातात पडायला १९२२ उजाडलं. भारतात स्त्रियांना वकिलीची दारं कायद्यानं उघडली १९२३ मध्ये. ज्ञान होतं, परीक्षा झालेली होती, कागद नव्हता. आजच्या विद्यार्थ्याची अडचण इतकी अन्यायाची नाही, पण प्रकार तोच आहे.

इथेच वकिली करायची असेल तर

बहुतेकांना शेवटी पुण्या-मुंबईतच प्रॅक्टिस करायची असते, म्हणून आधी तेच बघू.

आपल्याकडे वकील व्हायला दोन रस्ते आहेत: बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स, किंवा पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी. इंग्लंडमध्ये बारावीनंतर थेट तीन वर्षांचं एलएलबी करता येतं. तिथे ती पूर्ण, सन्मान्य पदवी आहे. आपल्या हिशेबात मात्र बारावीनंतरची दोन वर्षं कमी भरतात. शिवाय ते विद्यापीठ आणि तो कोर्स बार कौन्सिल ऑफ इंडियानं मान्य केलेला असावा लागतो. हे सगळं जुळलं तरी परदेशी पदवीवाल्याला बार कौन्सिलची वेगळी पात्रता परीक्षा असते, कारण तो राज्यघटना, दिवाणी आणि फौजदारी कार्यपद्धती, असे भारतीय विषय शिकलेलाच नसतो. त्यानंतर नोंदणी, आणि मग सगळ्यांचीच ऑल इंडिया बार परीक्षा. कमी भरणाऱ्या वर्षांसाठी ब्रिज कोर्सची सोय निघाली, पण ब्रिज कोर्स केल्यावरही पात्रता परीक्षा कशाला, या मुद्द्यावर पोरांना कोर्टाची पायरी चढावी लागली. वकील होण्याआधीच पक्षकार!

पैसे भरण्याआधी बार कौन्सिलची मान्यताप्राप्त परदेशी विद्यापीठांची यादी आणि नियमांची ताजी प्रत डोळ्यांखालून घाला. ‘आमच्या डिग्रीला इंडियात मान्यता आहे’ असं प्रवेश करून देणारे एजंट छातीठोकपणे सांगतात. मान्यता कशासाठी, नोकरीसाठी की सनदेसाठी, हे विचारलं की ते विषय बदलतात.

माझं मत स्पष्टच सांगतो. ज्याला भारतातल्या कोर्टात उभं राहायचं आहे, त्यानं बारावीनंतर एलएलबीसाठी परदेशी जाणं हा तोट्याचा सौदा आहे. पैसा जातो तो जातोच, शिवाय इथल्या कोर्टाची हवा लागायची वर्षं हातची जातात. बोर्डावर आपलं मॅटर कधी येईल याचा अंदाज, रजिस्ट्रीतले आक्षेप कसे काढायचे, कुठल्या न्यायाधीशांपुढे तारीख मागायची नाही, हे सीनियरच्या मागे फायली घेऊन धावताना कळतं. त्यात १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्या जोडीचे दोन कायदे लागू झाले आहेत, म्हणजे इथले मुरलेले वकीलही कलमांचे आकडे नव्यानं पाठ करताहेत. या काळात तुम्ही बाहेर राहून परत आलात तर सगळंच पहिल्यापासून. सीईटी नाहीतर क्लॅट ही प्रवेश परीक्षा द्या, इथे पदवी आणि सनद घ्या, दोन वर्षं काम करा आणि मग एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला, जा. तिथेच स्थायिक व्हायचं पक्कं असेल, तर मात्र हिशेब वेगळा.

एलएलएमनं काय मिळतं

एलएलएम हा बहुतेक ठिकाणी एका वर्षाचा कोर्स, आणि भारतातून जाणाऱ्यांत हाच सगळ्यात लोकप्रिय. (ऑक्सफर्डमध्ये त्याच्या तोडीच्या कोर्सला बीसीएल म्हणतात, नावात बॅचलर असलं तरी तो मास्टर्सच्या पातळीचा आहे. कॉर्नेलियांनी दिली ती हीच परीक्षा.) लवाद, कंपनी विलीनीकरण, सागरी कायदा, बौद्धिक संपदा, मानवी हक्क अशा एखाद्या विषयात खोलात शिरायचं असेल तर वर्ष सत्कारणी लागतं. भारतात वकिली करायला एलएलएम लागत नाही आणि परदेशातही एकट्या एलएलएमवर सहसा सनद मिळत नाही. प्राध्यापकी हेच ध्येय असेल तर आणखी जपून. एका वर्षाचं परदेशी एलएलएम इथल्या एलएलएमच्या बरोबरीचं धरायचं का, यावर बार कौन्सिलच्या २०२० च्या नियमांनी वाद उभा केला आणि तो सर्वोच्च न्यायालयात पोचला.

इंग्लंडची सनद

इंग्लंड-वेल्समध्ये वकिलांच्या दोन जाती: सॉलिसिटर आणि बॅरिस्टर. ढोबळमानानं, पक्षकाराला भेटणारा, करार आणि कागदपत्रं सांभाळणारा तो सॉलिसिटर. वरच्या कोर्टात युक्तिवाद करणारा तो बॅरिस्टर.

सॉलिसिटर होण्याची पद्धत २०२१ मध्ये बदलली आणि भारतीयांसाठी ती बरीच सोयीची झाली. आता एसक्यूई ही केंद्रीय परीक्षा आहे. पहिल्या टप्प्यात १८०-१८० बहुपर्यायी प्रश्नांचे दोन पेपर. दुसऱ्या टप्प्यात कौशल्याची परीक्षा: पत्र लिहा, मसुदा करा, अशिलाची मुलाखत घ्या, युक्तिवाद करा. जोडीला दोन वर्षांचा पात्र कामाचा अनुभव. हा अनुभव जगात कुठेही घेता येतो, चार ठिकाणी मिळून घेतलेला चालतो. फक्त त्यावर सही इंग्लंडच्या सॉलिसिटरची किंवा तिथल्या फर्मच्या अनुपालन अधिकाऱ्याची लागते. आणि भारतीय सनद आधीच हातात असेल तर ही अनुभवाची अट लागूच होत नाही. अनुभवी वकिलांना दुसऱ्या टप्प्यातून सूटही मागता येते. म्हणजे ज्याच्याकडे इथली सनद आहे, तो इंग्लंडमध्ये एक दिवसही कॉलेजात न जाता तिथला सॉलिसिटर होऊ शकतो. परीक्षेची फी दोन्ही टप्पे मिळून पाच हजार पाऊंडांच्या आसपास. एलएलएमची फी याच्या कित्येक पट. हे गणित फार थोडे लोक मांडतात.

बॅरिस्टरची वाट जुनी आणि अरुंद आहे. लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल या चार संस्थांपैकी एकीचं सदस्य व्हायचं, बारचा कोर्स करायचा आणि इनमधले ठरावीक कार्यक्रम पूर्ण करायचे. पूर्वी हे कार्यक्रम म्हणजे चक्क जेवणं असत. गांधीजी इनर टेंपलमध्ये अशी जेवणं जेवूनच १८९१ मध्ये बॅरिस्टर झाले. ते दारू घेत नसल्यामुळे त्यांच्या वाट्याची वाईन इतरांना मिळे, आणि त्यांच्या टेबलावर बसायला मुलं टपलेली असत. कोर्स पास झाल्यावर बॅरिस्टर ही उपाधी लागते, पण प्रॅक्टिससाठी एक वर्षाची प्युपिलेज, म्हणजे अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी, लागते आणि खरी गाळणी तिथे आहे. कोर्स पैसे भरून करता येतो. प्युपिलेज एकेका जागेसाठीच्या झुंबडीत लढून मिळवावी लागते. कोर्स झाला, फोटो काढला, आणि प्युपिलेजच मिळाली नाही, अशी कितीतरी भारतीय मुलं आहेत.

अमेरिका

तिथे कायदा ही पदवीनंतरचीच शाखा. तीन वर्षांचा जेडी हा मुख्य कोर्स, त्याला सहसा एलसॅट ही प्रवेश परीक्षा लागते आणि खर्च डोळे पांढरे करणारा. परदेशी वकील म्हणून जाणारे बहुतेक सगळे एक वर्षाचं एलएलएम घेतात.

अमेरिकेत सनद देशाची नसते, राज्याची असते. न्यूयॉर्कला परदेशी वकिलांची सवय आहे. ते दोन गोष्टी बघतात: तुमचं शिक्षण किती वर्षांचं होतं, आणि ते इंग्लिश परंपरेच्या, म्हणजे कॉमन लॉच्या देशातलं होतं का. भारत दुसऱ्या कसोटीला उतरतो. एखादी बाजू कमी पडली तर न्यूयॉर्कच्या अटींत बसणारं, किमान २४ क्रेडिटचं एलएलएम करून ती भरून काढता येते. दूरशिक्षणातून घेतलेली पदवी इथे अडते. म्हणून एलएलएमला अर्ज करण्याआधी आपली पात्रता न्यूयॉर्कच्या बार परीक्षा मंडळाकडून तपासून घ्यावी; त्याला महिने लागतात. परीक्षा दोन दिवसांची असते, ४०० पैकी २६६ गुण लागतात. पुढे व्यावसायिक नीतीची वेगळी परीक्षा, न्यूयॉर्कच्या कायद्याचा ऑनलाइन कोर्स आणि ५० तास फुकट कायदेशीर मदत, असा सगळा जामानिमा आहे.

कॅलिफोर्नियाचं वेगळंच. दुसऱ्या देशाची चालू सनद असलेल्या वकिलाला तिथे एलएलएम न करताही बार परीक्षेला बसू देतात. परीक्षा अवघड म्हणून बदनाम आहे, पण दार उघडं आहे.

कॅनडात भारतीय पदवी तपासून तिथले राहिलेले विषय परीक्षेनं पुरे करायला लावतात, क्विबेक सोडून, कारण क्विबेकचा दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचा आहे. ऑस्ट्रेलियातही थोडंफार तसंच. नेदरलँड्समध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याचे कोर्स इंग्रजीत आणि उत्तम आहेत, फक्त त्यावर डच वकील होता येत नाही. हेगमधल्या संस्थांत नाहीतर लवादात काम करायचं असेल तर त्याची गरजही नाही.

वर्गात काय वेगळं असतं

आपल्याकडच्या प्रत्येक एलएलबीवाल्याला स्कॉटलंडमधली गोगलगाय माहीत असते. १९२८ मध्ये पेझलीच्या एका कॅफेत मैत्रिणीनं घेऊन दिलेल्या जिंजर बिअरच्या बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाली, बाई आजारी पडल्या, आणि १९३२ मध्ये निकाल लागला की ज्याच्याशी करार नाही अशा ग्राहकाप्रतीही उत्पादकाची काळजी घेण्याची जबाबदारी असते. आपल्या परीक्षेत यावर प्रश्न येतो: ‘डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन, टीप लिहा.’ पाच ओळी वस्तुस्थिती, पाच ओळी निकाल, महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ, झालं.

इंग्लंडमध्ये याच विषयावरचा प्रश्न साधारण असा असतो. मैत्रिणीनं भेट दिलेली पॉवर बँक लोकल गाडीत तापून फुटते. जिच्या पिशवीत होती तिचा हात भाजतो. शेजारच्या प्रवाशाचा ऑफिसचा लॅपटॉप जळतो. समोर बसलेल्या अनोळखी बाईंना या धक्क्यानं महिनोन्महिने झोप लागत नाही. पाकिटात सूचना छापलेली होती: रात्रभर चार्जिंगला लावू नये. ती लावली होती. तिघांना सल्ला द्या.

आता गोगलगाय सांगून भागत नाही. हात भाजलेलीला निष्काळजीपणाचा दावा आहेच, शिवाय १९८७ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली उत्पादकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मागता येते; पण सूचना न पाळल्यामुळे रक्कम किती कापली जाईल? लॅपटॉप ऑफिसचा असल्यामुळे १९८७ चा कायदा त्याला लागू नाही, कारण तो फक्त खासगी वापराच्या वस्तूंचा विचार करतो. मग तिथे गोगलगायीकडेच परत जावं लागतं. आणि त्या तिसऱ्या बाई? त्या स्वतः धोक्याच्या टप्प्यात होत्या की नुसत्या पाहणाऱ्या? नुसत्या पाहणाऱ्या असतील तर १९८९ च्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावरच्या चेंगराचेंगरीनंतरच्या निकालांनी त्यांची वाट जवळजवळ बंद केली आहे, कारण जखमी व्यक्तीशी जिव्हाळ्याचं नातं असावं लागतं. पुष्कळदा अशी परीक्षा पुस्तक उघडं ठेवून असते, आणि पुस्तकाचा फारसा उपयोग होत नाही. उत्तर ‘अमुक जिंकेल’ असं नसलं तरी चालतं. दोन्ही बाजू मांडून कुठली जड आणि का, हे लिहावं लागतं. पाठांतरावर पहिला वर्ग मिळवलेल्या मुलांना पहिल्या सत्रात ५५ मार्क पडतात ते इथे. तिथे ६० च्या वर चांगलं आणि ७० म्हणजे अव्वल, हेही लक्षात असू द्या, म्हणजे घरी फोन करून रडायची वेळ येणार नाही.

अमेरिकेत याच्या जोडीला प्राध्यापक वर्गात अचानक नाव घेऊन उभं करतात आणि एकाच खटल्यावर प्रश्नामागून प्रश्न विचारतात. मराठी माध्यमातून आलेल्यांना याची धास्ती वाटते. उच्चारांचं कुणाला काही पडलेलं नसतं. खटला वाचलेला नाही हे मात्र दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं.

पैसा, व्हिसा, कागद

लंडनच्या नावाजलेल्या विद्यापीठांत एलएलएमची फी साधारण ३० ते ४० हजार पाऊंड. राहणं-खाणं आणि व्हिसाचा आरोग्य अधिभार वेगळा. अमेरिकेतल्या वरच्या विद्यापीठांत नुसती फी ७० हजार डॉलरच्या पुढे जाते. शिष्यवृत्त्यांत ब्रिटिश सरकारची चीव्हनिंग पूर्ण खर्च उचलते, पण आधी कामाचा अनुभव मागते आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतायची अट घालते. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि तिथे विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान बघतात. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून चालू आहे. ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, फेडावी लागते. मधेच पैसे संपण्याचा धोका हलक्यात घेऊ नये. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये ग्रेज इनमध्ये नाव घातलं, पण बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना परतावं लागलं. १९२० मध्ये पैसे जमवून ते पुन्हा गेले तेव्हा कुठे शिक्षण पुरं झालं.

शिकून झाल्यावर ब्रिटन सध्या नोकरी शोधायला दोन वर्षं देतं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष मिळेल. अमेरिका बारा महिने देते. इंजिनिअरांना त्यावर मिळणारी दोन वर्षांची वाढ कायद्याच्या पदवीला नाही. त्यात न्यूयॉर्कची परीक्षा जुलैअखेर आणि निकाल ऑक्टोबरच्या शेवटाकडे, आणि या बारा महिन्यांत एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. निकालाची वाट बघत बसणं परवडत नाही.

कागदांत सगळ्यात जास्त वेळ खातं ते ट्रान्स्क्रिप्ट. विद्यापीठानं लखोट्यात घालून, तोंडावर सही-शिक्का मारून द्यायचं असतं. पाच वर्षांच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, केटीच्या धरून, लागतात आणि एखादी सापडत नाही. हे काम अर्जाच्या निदान तीन-चार महिने आधी काढा. शिफारसपत्रांची आपली रीत म्हणजे मुलानंच लिहायचं आणि सरांनी सही करायची. तिथल्या समितीला तीन पत्रांत तेच तेच विशेषण लगेच दिसतं. त्यापेक्षा ज्या सीनियरकडे खरंच काम केलंत त्यांनी तुमच्या एका मॅटरबद्दल चार ओळी लिहिल्या तरी त्यांचं वजन जास्त.

आणि इथली सनद घेऊन जात असाल तर एक नियम. पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिलाला प्रॅक्टिस करता येत नाही, म्हणून परदेशात नोकरी लागली की बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाला कळवून सनद तात्पुरती स्थगित करून घ्यावी लागते. परत आल्यावर अर्ज करून ती पुन्हा चालू होते. फक्त कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी त्याच सनदेच्या जोरावर परीक्षेला बसणार असाल, तर आधी तो अर्ज करा आणि स्थगितीचं नंतर बघा.